हुंडणावळीचा भाव आणि लंडनमधला उपास

‘हुंडणावळ’ हा शब्द आज मराठीतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. एका गावची हुंडी दुसऱ्या गावी वटवताना जो बट्टा सोसावा लागे किंवा जो चढ मिळे, ती हुंडणावळ. पुढे रुपया आणि पौंड यांच्यातल्या भावालाही आपल्या वृत्तपत्रांनी हाच शब्द लावला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हुंडणावळीचा प्रश्न म्हटले की शहाण्या वाचकाला कपाळाला आठ्या घालून वाचण्याचे काहीतरी समोर आले आहे हे कळे. त्या जागी ‘विनिमय दर’ हा शब्द आला, तो अचूक आहे. परंतु त्यात परगावी अडकलेल्या माणसाचा वास नाही. हुंडी ही मुळात दूर असलेल्या माणसासाठी असते. आमचा विषय त्या दूरच्या माणसाचा आहे.

परदेशी राहणारा माणूस चलनाच्या दृष्टीने दोन प्रकारचा असतो. एक तिकडे मिळवतो आणि इकडे पाठवतो. रुपया घसरला की त्याच्या घरची पत वाढते. दुसरा इकडचा पैसा नेऊन तिकडे जगतो. रुपया घसरला की त्याच्या ताटातली पोळी लहान होते. आपल्या स्थलांतराच्या साहित्याने पहिल्याची हुरहुर पुष्कळ लिहिली. दुसऱ्याचा हिशेब मात्र चरित्रांच्या तळटिपांतही क्वचितच सापडतो. याला एक मोठा अपवाद असायला हवा होता, कारण त्या दुसऱ्या प्रकारच्या एका मराठी विद्यार्थ्याने हुंडणावळीवर जागतिक दर्जाचा ग्रंथच लिहिला. तरीही आम्ही साहित्याचे शिक्षक तो ग्रंथ अर्थशास्त्राच्या कपाटात ठेवतो आणि त्याच विद्यार्थ्याचे लंडनमधले उपास चरित्राच्या कपाटात. ही दोन्ही कपाटे एकदा एकत्र उघडावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम उलट दिशेचा प्रवासी पाहू, कारण हुंडणावळीवर ओरड करणारा पहिला संघटित परदेशस्थ वर्ग हा हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांचा होता. १८७३ च्या सुमारास रुपयाला १ शिलिंग १० पेन्सांहून अधिक मिळत. जगभर चांदी स्वस्त होत गेली, रुपया चांदीचा होता, आणि १८९४-९५ पर्यंत तो १ शिलिंग १ पेन्सापर्यंत उतरला. साहेबाचा पगार रुपयांत, मुलांची शाळा इंग्लंडात आणि निवृत्तीनंतरचे घरही तिकडेच. १८९३ च्या जून महिन्यात सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या, त्यामागे इंग्लंडला दरवर्षी पाठवायच्या दीड कोटी पौंडांहून अधिक रकमेची चिंता मुख्य होती हे खरे; पण साहेबांची तक्रारही कानाआड झाली नाही. त्याच वर्षी युरोपीय नोकरांना हुंडणावळीची भरपाई मंजूर झाली: अर्धा पगार, एका मर्यादेपर्यंत, १ शिलिंग ६ पेन्स या भावाने धरायचा आणि बाजारभावाशी पडणारा फरक हिंदी तिजोरीने भरायचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे या भरपाईवर कडक टीका केली. म्हणजे एका प्रकारच्या परदेशस्थाला हुंडणावळीचा चटका बसला की त्याची फुंकर रयतेच्या खर्चाने घातली जाई. हा मुद्दा पुढे लागेल.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. या तपशिलातला ‘पौंड’ हा शब्द आपण घाईने वाचतो. शिष्यवृत्ती रुपयांत नव्हती. हुंडणावळ चढली काय आणि उतरली काय, फरक पडणार तो बडोद्याच्या तिजोरीला. विद्यार्थ्याला साडेअकरा पौंड मिळणारच. शिवाय त्या काळी भावही स्थिर होता. १८९८-९९ पासून महायुद्धापर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्या आसपास, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड, असा सरकारने जवळजवळ खिळ्याने ठोकून ठेवला होता. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय पद्धती म्हणत, आणि केन्स या तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्येच तिची वाखाणणी करणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते. ज्या वर्षी केन्सचे पुस्तक आले त्याच वर्षी त्याचा पुढचा टीकाकार पौंडांतल्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बसला होता. इतिहासात अशा गमती असतात. त्यांना फार अर्थ देऊ नये, पण नजरेआडही करू नये.

१९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची सवलत विद्यापीठाने दिली होती. मग बडोद्याची अपमानास्पद नोकरी, मुंबई, आणि नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापकी. त्या पगारातून काटकसर करून ते लंडनसाठी पैसा साठवत होते, आणि नेमक्या याच काळात रुपयाने एक विलक्षण उडी घेतली. युद्धामुळे चांदी भडकली आणि रुपयातली चांदी रुपयाहून महाग होऊ लागली, म्हणून सरकार भाव वाढवत गेले. डिसेंबर १९१९ मध्ये रुपया २ शिलिंग ४ पेन्सांवर होता. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या मापाने २ शिलिंग हा कायमचा भाव सुचवला. तिच्यातले एकटे दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमत नोंदवून जुन्या १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. फेब्रुवारी १९२० मध्ये बाजारभाव २ शिलिंग ८ पेन्सांच्याही वर गेला. त्या दिवसांत पौंडाला साडेसात रुपये पडत होते. सिडनहॅमच्या ४५० रुपयांचे तेव्हा साठ पौंड झाले असते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली. ‘मूकनायक’ जानेवारीअखेर सुरू झाला होताच. ३० मे ते १ जून या दिवसांत नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिला ते उपस्थित होते. मुंबईहून नागपूरला येणारा लोहमार्ग वर्धा सोडल्यावर सिंदी, बोरखेडी आणि आमच्या बुटीबोरीवरून जातो. पऱ्हाटीच्या पेरणीआधीच्या त्या तापलेल्या काळ्या रानांतून ही मंडळी नागपूरला पोचली असतील. या परिषदेवर आमच्या भागात पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा सांगत नाही. आम्हांला येथे फक्त तारीख हवी आहे. परिषद संपल्यानंतर पाच-सहा आठवड्यांत, जुलै १९२० मध्ये, ते बोटीत बसले. गाठीला स्वतःची शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांची काही मदत. या वेळचा सगळा पैसा रुपयांतला होता.

आणि रुपया कोसळत होता. दोन शिलिंगांचा भाव टिकवण्यासाठी सरकारने जानेवारी ते सप्टेंबर १९२० या काळात सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या उलट्या हुंड्या विकल्या; म्हणजे हिंदुस्थानचे लंडनमधले गंगाजळीचे पौंड बाजारभावाहून स्वस्तात देऊन टाकले. ते घेतले कोणी? ज्यांच्याकडे युद्धात कमावलेला रुपया होता आणि ज्यांना तो मायदेशी न्यायचा होता त्यांनी, आणि सट्टेवाल्यांनी. २८ सप्टेंबर १९२० रोजी ही विक्री थांबली. डिसेंबरात भाव दीड शिलिंगाच्या खाली होता, आणि १९२१ च्या वसंतात तो १ शिलिंग ३ पेन्सांपर्यंत घसरला. पुस्तकात मात्र २ शिलिंग हाच कायदेशीर भाव १९२७ पर्यंत तसाच लिहिलेला राहिला. मुंबईच्या आयातदारांनी दोन शिलिंगांच्या भरवशावर माल मागवला होता; माल गोदीत उतरला तेव्हा देणे दीडपट झाले होते, आणि पुष्कळांनी तो सोडवूनच घेतला नाही. व्यापाऱ्याला निदान अंग काढून घेता येते. परीक्षेची फी भरायची असलेला विद्यार्थी गोदीत माल टाकून जाऊ शकत नाही.

हिशेब साधा आहे. पाच हजार रुपयांचे दहाच्या भावाने पाचशे पौंड होतात आणि सोळाच्या भावाने तीनशे बारा. ज्या कर्जाची परतफेड रुपयांत करायची, ते कर्ज मुंबईत तसेच पाच हजारांचे राहते आणि लंडनमध्ये त्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग हवेत विरून जातो. मनुष्याने काही उधळले नाही, कोणी चोरले नाही.

आता चरित्राचे कपाट. किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरातली ती खाणावळ, सकाळचा अपुरा नाश्ता, दुपारच्या जेवणाला फाटा देऊन ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन, रात्री बोव्हरिलचा कप आणि भाजलेले पापड, आणि पुन्हा पहाटेपर्यंत अभ्यास. धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रांनी ही चित्रे घरोघर पोचवली. आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ती ठाऊक असतात. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले तेव्हा कित्येकांना ते आपल्याच वस्तीतले घर वाटले. या चित्रांच्या खरेपणाविषयी आमची शंका नाही. आमची तक्रार त्यांच्या मांडणीविषयी आहे. चरित्रकारांच्या, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या अनुकरणकारांच्या हातात हा उपास तपश्चर्येच्या जुन्या साच्यात जाऊन बसतो. ऋषी उपाशी राहतो तो आपल्या निश्चयाने. त्याच्या उपासाला बाहेरचे कारण लागत नाही. एकदा उपास तप ठरला की त्याचे कर्तृत्व उपाशी माणसाकडे जाते आणि त्याला उपाशी ठेवणारी व्यवस्था वर्णनातून सुटते. ज्या माणसाने आयुष्यभर दारिद्र्याची कारणे नशिबात न शोधता व्यवस्थेत शोधली, त्याच्याच दारिद्र्याचे वर्णन आपण कारणांवाचून करतो, हे चमत्कारिक आहे.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना लंडनहून पत्र लिहून दोनशे पौंडांचे कर्ज मागितले. साहित्याचा विद्यार्थी हे पत्र त्यातल्या विनयासाठी आणि संकोचासाठी वाचतो, ते ठीकच. पण आकड्यापाशी थांबावे. दोनशे पौंड म्हणजे फेब्रुवारी १९२० मधले दीड हजार रुपये, कायदेशीर भावाने दोन हजार, आणि १ शिलिंग ४ पेन्सांच्या भावाने तीन हजार. विनंती एकच, ती कोल्हापुरात किती जड पडणार हे हुंडणावळ ठरवणार. पुढच्या मे महिन्यात महाराज निवर्तले.

त्या वर्षी इंग्लंडातही मंदी होती. १९२१ च्या उन्हाळ्यात तेथील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली होती. मंदीचा एक परिणाम असा की नोव्हेंबर १९२० नंतर लंडनमधली महागाई उतरू लागली. तेव्हा रुपयाच्या पडझडीचा काही भाग स्वस्ताईने भरून निघाला असे म्हणायला जागा आहे, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु फी, बॅरिस्टरीचा खर्च आणि बोटीचे भाडे पावाबरोबर उतरत नाही. याच काळात जर्मनीत मार्क रुपयाहून वेगाने गडगडत होता आणि हाती पौंड असलेल्या कोणालाही तेथे राजासारखे राहता येत होते. बाबासाहेबांचे नाव १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाच्या पटावर लागले होते. चलन कोसळते म्हणजे काय, याची दोन टोके त्यांनी अशी जवळजवळ एकाच वेळी पाहिली.

तिसरे टोक परळच्या चाळीत होते. तेथे रमाबाईंना हुंडणावळीशी कर्तव्य नव्हते. त्यांचा खर्च रुपयांत आणि मिळकत असेल तीही रुपयांत. मुंबईत मात्र युद्धानंतरची महागाई अशी होती की १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षांच्या जानेवारीत गिरणी कामगारांनी तिच्यापायी प्रचंड संप केले. म्हणजे एकाच कुटुंबाचा एकच रुपया दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी झिजत होता. लंडनमध्ये त्याची परकीय किंमत उतरत होती, परळमध्ये त्याची खरेदीची ताकद. या दोन झिजींपैकी कोणती महत्त्वाची, असा प्रश्न कोणी विचारला असता तर लंडनमधल्या माणसाने आपल्या अनुभवावरून ‘पहिली’ म्हणून सांगितले असते, अशी आपली अपेक्षा.

त्याने नेमके उलटे सांगितले. ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सादर झालेला, फेरफार करून पुन्हा पाठवलेला आणि डिसेंबर १९२३ मध्ये पी. एस. किंग या प्रकाशनाने छापलेला प्रबंध म्हणजे ‘रुपयाचा प्रश्न’. त्याचा गाभा असा: हुंडणावळ स्थिर ठेवली म्हणजे चलन स्थिर झाले, ही समजूत चुकीची आहे. १८९३ नंतरच्या व्यवस्थेत सरकारने पौंडाशी भाव सांभाळला, पण रुपये पाडण्यावर मर्यादा नव्हती, त्यामुळे देशात किंमती चढत राहिल्या. ज्याला लंडनला पैसे धाडायचे नाहीत, ज्याला मीठ आणि ज्वारी घ्यायची आहे, त्याच्या दृष्टीने स्थिरता म्हणजे किंमतींची स्थिरता. ती हवी तर रुपये पाडण्याचा सरकारचा हात बांधला पाहिजे. केन्सच्या भूमिकेवरचा हा सरळ हल्ला होता. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवूनही या ताजेपणाचे स्वागत केले.

या ग्रंथात लेखकाच्या खोलीतला थंडावा कुठेही शिरत नाही. ज्या वर्षांनी त्याची शिल्लक खाल्ली, ती वर्षे त्यात येतात, दोन शिलिंगांचा फसलेला डाव येतो, पण ‘मी’ येत नाही. शास्त्रीय प्रबंधात तो यायचा नसतो हे उघड आहे. तरीही आम्हांला हा संयम वाङ्मयीन अर्थाने मोठा वाटतो. स्वतःच्या जखमेला सिद्धान्त बनवण्याचा मोह टाळून त्यांनी चाळीतल्या झिजेला पुढचे स्थान दिले. १८९३ च्या साहेबाशी हे ताडून पाहावे. त्याने आपल्या हुंडणावळीच्या नुकसानीला राष्ट्रीय संकट म्हटले आणि भरपाई घेतली. १९२४ मध्ये ली आयोगानेही युरोपीय अधिकाऱ्यांच्या परदेशी भत्त्याला दोन शिलिंगांचा भाव लावण्याची शिफारस केली. जो भाव बाजारात चार वर्षांपूर्वीच मेला होता, तो साहेबापुरता जिवंत राहिला.

येथे आमच्या भागाचाही संबंध येतो. रुपया चढा असला तर लंडनमधल्या विद्यार्थ्याचे भले, पण तोच रुपया नागपूर-वर्ध्याच्या कापूसवाल्याच्या गळ्याला फास. कापसाचा भाव ठरतो परदेशी बाजारात, पौंडाचे रुपये पंधराऐवजी दहा झाले की गाठीमागे मिळणारे रुपयेही तितकेच कमी. म्हणूनच १९२६-२७ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स की ४ पेन्स, या दोन पेन्सांच्या वादात गिरणीमालक, व्यापारी आणि शेतकऱ्यांच्या वतीने बोलणारे पुढारी एका बाजूला होते. घसरता रुपया निर्यातीला बक्षीस देतो, सबब राष्ट्राचा फायदा, असा त्यांचा युक्तिवाद. बाबासाहेबांनी या ‘सबब’ला हरकत घेतली. ते बक्षीस परदेशातून येत नाही, असे त्यांचे म्हणणे. किंमती चढतात आणि मजुरी मागे राहते, त्या फटीतून ते येते. एका वर्गाचा लाभ हा दुसऱ्या वर्गाचा तोटा असतो आणि त्याला राष्ट्राचे नाव दिले जाते. कापूस विकणारा आणि कापूस वेचणारी हे दोघे एकाच रानात असले तरी हुंडणावळ त्यांना एक मानत नाही. हा मुद्दा आमच्या कापसाच्या साहित्यात अजून पुरता उतरलेला नाही, असे आमचे मत आहे.

१५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत दरवर्षी भेटणारे एक विधान असे की रिझर्व्ह बँक या ग्रंथातून जन्मली. श्रद्धेने केलेल्या या विधानाने ग्रंथाची हानी होते. आयोगाने मध्यवर्ती बँक सुचवली आणि १९३५ मध्ये ती आली. परंतु चलनाच्या निर्मितीला कायमची मर्यादा घाला, ही त्यांची मूळ मागणी कोणी मानली नाही. आयोगाने भाव १ शिलिंग ६ पेन्स धरला, आणि १९२७ मध्ये तो कायदा झाला. मान्य झालेल्या ग्रंथाला हार घालता येतो. अमान्य झालेला ग्रंथ मात्र वाचावा लागतो, आणि बहुधा म्हणूनच आपण तो मान्य झाल्याचे सांगत राहतो.

आज बुटीबोरीच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांची मुले आमच्या वर्गांत बसतात आणि त्यांतली काही परदेशी शिकायला जाण्याची उमेद धरतात. कर्ज रुपयांत, फी डॉलरांत. जानेवारी २००८ मध्ये डॉलर चाळीस रुपयांच्या आत होता, मार्च २००९ मध्ये तो एक्कावन्नावर गेला. वीस हजार डॉलरांची फी पावणेआठ-आठ लाखांवरून सव्वादहा लाखांवर पोचली, आणि त्याच महिन्यांत अमेरिकेतल्या मंदीने तिकडची नोकरीही दुर्मिळ केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरने त्र्याऐंशी ओलांडले. तिकडे नोकरीला लागलेल्या मुलाच्या घरी ही बातमी पेढ्यांसारखी येते, आणि तिकडे नुकत्याच शिकायला गेलेल्याच्या घरी बँकेच्या नोटिशीसारखी. दोन्ही घरे कधीकधी एकाच गल्लीत असतात.

महाराष्ट्र शासनाने २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. तीतला निर्वाह भत्ता डॉलरांत आणि पौंडांत ठरवण्यात आला, म्हणजे रुपयाची घसरण विद्यार्थ्याच्या ताटात न येता तिजोरीच्या वहीत जाते. ही रीत बडोद्याच्या १९१३ च्या साडेअकरा पौंडांची आहे. नाव मात्र तिला राजर्षी शाहू महाराजांचे दिलेले आहे.